झातारी: आराखडा देणाऱ्यांचा, गणित घेणाऱ्यांचं

कुठल्याही मोठ्या मदतकार्याचा अहवाल उघडला की किती तंबू, किती टन धान्य, किती लिटर पाणी वाटलं याचे तक्ते आधी समोर येतात. वाटलेल्या वस्तूचं दुसऱ्या दिवशी काय झालं, हे त्यात सहसा नसतं. जॉर्डनमधल्या झातारी छावणीचं प्रकरण अभ्यासण्याजोगं आहे ते एवढ्यासाठी, की इथे दुसऱ्या दिवशी काय झालं ते झाकून ठेवता आलं नाही. तंबू विकले गेले, सार्वजनिक शौचालयांचे नळ आणि पत्रे रातोरात गायब झाले, रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर आकडे पडले. पहिली दोन वर्षं झातारी गाजली ती बेशिस्तीसाठीच. माझं म्हणणं असं, की ही बेशिस्त म्हणजे लोकांनी दिलेला अभिप्राय होता. ज्या बाबतीत तो वाचला गेला तिथे छावणी सुधारली आणि खर्चही आटोक्यात आला. जिथे तो निव्वळ गुन्हा समजला गेला, तिथे पुढची छावणीसुद्धा चुकली.

माणसं आली कुठून

मार्च २०११ मध्ये सीरियाच्या दक्षिण टोकाला, दरा शहरात, शाळेच्या भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या म्हणून काही मुलांना पकडण्यात आलं. त्यातून निदर्शनं झाली, निदर्शनांवर गोळीबार झाला आणि बघता बघता देश यादवीत ओढला गेला. दरा म्हणजे हौरान पठाराचं मुख्य शहर. गहू, ऑलिव्ह, टोमॅटो पिकवणारा हा सुपीक मुलूख सरहद्दीच्या अलीकडे जॉर्डनमध्येही पसरलेला आहे आणि दोन्ही बाजूंना एकाच कुळाची माणसं राहतात. त्यामुळे सुरुवातीला पळून आलेली कुटुंबं रमथा, इर्बिद भागातल्या नातेवाइकांकडे उतरली. पाव्हणा चार दिवसांचा असतो. महिन्यांवर महिने गेले, नातेवाइकांची घरं भरली, तात्पुरत्या थांब्यांच्या इमारती भरल्या. मग २०१२ च्या जुलैअखेरीस सरहद्दीपासून जेमतेम बारा किलोमीटरवर, मफ्रक जिल्ह्यातल्या उघड्या माळावर झातारीची छावणी सुरू झाली. व्यवस्थापन जॉर्डन सरकारचं आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, म्हणजे यूएनएचसीआरचं. पाणी आणि शाळा युनिसेफकडे, अन्न जागतिक अन्न कार्यक्रमाकडे, आणि त्यांच्या हाताखाली ऑक्सफॅम, ॲक्टेड यांसारख्या डझनावारी संस्था.

हा माळ म्हणजे वाळूच्या टेकड्यांचं चित्रातलं वाळवंट नव्हे. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरही नाही, म्हणजे आपल्या माणदेशात पडतो त्याच्या निम्माही नाही. माती पिठासारखी बारीक. उन्हाळ्यात ती डोळ्यांत आणि फुप्फुसांत जाते, हिवाळ्यात तिचा चिखल होतो. जानेवारी २०१३ मध्ये सलग पाऊस लागला, तंबूंत पाणी शिरलं, थंडी हाडात गेली आणि रोट्यांच्या वाटपाच्या वेळी चिडलेल्या लोकांनी मदत कर्मचाऱ्यांवर हल्ला केला. नंतर छावणीभर खडी पसरण्यात आली. ती खडी जुलैमध्येच का पसरली नाही, तर जुलैमध्ये हे काही महिन्यांचं काम आहे असं सगळेच धरून चालले होते.

२०१३ च्या वसंतात एकेका रात्री दोन-तीन हजार माणसं सरहद्द ओलांडत होती. एप्रिलच्या सुमारास छावणीची संख्या दीड लाखाच्या वर गेली आणि लोकसंख्येच्या हिशेबाने झातारी जॉर्डनमधलं चौथं मोठं 'शहर' ठरली. क्षेत्रफळ साधारण ५.३ चौरस किलोमीटर, म्हणजे माणशी सुमारे ३५ चौरस मीटर. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत रस्ते, शाळा, दवाखाने, सगळं धरून माणशी ४५ चौरस मीटर सुचवलेले आहेत. पुढे काही लोक जॉर्डेनियन जामीनदार गाठून शहरांत गेले, काही युद्ध चालू असतानाच परत गेले आणि संख्या ८० हजारांच्या आसपास स्थिरावली. छावणी उघडल्यापासून साडेचार लाखांहून अधिक माणसं तिथून गेली आहेत. म्हणजे झातारी कित्येकांसाठी धर्मशाळा होती आणि ८० हजारांसाठी गाव.

शौचालय, स्वयंपाकघर आणि दाराचा प्रश्न

आराखड्यात शौचालयं आणि स्वयंपाकघरं सार्वजनिक होती. वीस माणसांमागे एक शौचालय हे मानक, त्यानुसार गटागटाने ब्लॉक बांधले: एका बाजूला पुरुषांचे, दुसऱ्या बाजूला बायकांचे, शेजारी पाण्याच्या टाक्या. स्वयंपाकासाठी छपराखाली गॅसच्या शेगड्यांच्या रांगा. कागदावर यात काही चूक नव्हती. दर माणशी खर्च कमी, देखभाल एका जागी, आणि आगीचा धोका तंबूपासून दूर.

प्रत्यक्षात रात्री नऊनंतर बायका त्या ब्लॉककडे फिरकेनात. दिवे फुटलेले, दारांच्या कड्या तुटलेल्या, वाटेत अनोळखी तरुणांचे घोळके. युद्धातून आलेल्या, पुरुषमाणूस मागे राहिलेल्या घरांची संख्या मोठी. आई मुलीला घेऊन जायची, बाहेर पहारा द्यायची, नाहीतर दोघी सकाळपर्यंत थांबायच्या. लहान मुलं तंबूमागेच बसायची. ब्लॉकची सफाई कुणाची, यावरून भांडणं. आणि स्वयंपाकघरात तर हौरानच्या बाईने परक्या पुरुषांच्या नजरेसमोर, दुसऱ्या गावच्या बाईच्या पातेल्याशेजारी उभं राहून रांधायचं, हेच मुळात कुणाला पटणारं नव्हतं.

मग लोकांनी काय केलं? ब्लॉकमधल्या विटा, पत्रे, नळ, पाइप, सिंक उपसून नेले आणि आपापल्या तंबूला लागून एक कोपरा आडोशाने बंद केला. त्यात एक भांडं बसवलं, एक नळ लावला, खाली खड्डा खणला. दुसऱ्या कोपऱ्यात शेगडी मांडली. मदत संस्थांच्या त्या काळातल्या भाषेत ही तोडफोड आणि चोरी. दुरुस्ती करायची, पुन्हा तुटायचं, पुन्हा दुरुस्ती, असा खेळ बराच काळ चालला आणि त्यात पैसा गेला.

खासगी संडासांमुळे आरोग्याचा खरा प्रश्नही उभा राहिला, तो नाकारण्यात अर्थ नाही. खड्ड्यांतलं सांडपाणी गल्लीत वाहायचं, त्यात पोरं खेळायची. छावणीखाली भूजल आहे आणि तेच जॉर्डनचे गावकरीही पितात, म्हणून ते नासण्याची भीती होती. बंदी घालून पाहिली, उपयोग झाला नाही. पाहणीत दिसून आलं की बहुसंख्य कुटुंबांनी आपापली शौचालयं केव्हाच बांधून टाकली आहेत. इथे युनिसेफ आणि तिच्या सहकारी संस्थांनी दिशा बदलली, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा निर्णय आहे. लोकांना ब्लॉककडे परत वळवायचं सोडून त्यांनी लोकांच्या शौचालयांना काँक्रीटच्या बंद टाक्या जोडायला घेतल्या, मग त्या टाक्यांना मलवाहिन्या आणि शेवटी छावणीतल्याच सांडपाणी प्रक्रिया केंद्राला जोडणी. घराच्या दाराआड असलेलं शौचालय ही मागणी लोकांनी कुठल्या सभेत मांडली नव्हती. चोरलेल्या विटांनी मांडली होती.

टँकर

टँकरवर जगणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. २०१३ मध्ये झातारीत रोज ४२ लाख लिटर पाणी वाटलं जात होतं, माणशी साधारण ३५ लिटर. आपत्तीच्या मानकांतलं किमान प्रमाण १५ लिटर आहे, त्यामुळे ३५ बरं वाटतं. आपल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी ५५ लिटर आहे, हे शेजारी ठेवलं म्हणजे अंदाज येतो. शिवाय हे सरासरीचं पाणी. टँकर ज्या सार्वजनिक टाकीत रिकामा होई, त्या टाकीपासून ज्यांचं घर जवळ, ज्यांच्याकडे स्वतःची टाकी आणि एखादी मोटर, त्यांना जास्त. गल्लीच्या टोकाच्या विधवेला बादली घेऊन रांग. टँकरवाल्याशी ओळख असणं ही तिथेही मालमत्ताच होती.

बाहेरच्या जॉर्डेनियन गावांत पाणी आठवड्यातून एकदा येतं. जॉर्डनमध्ये माणशी वर्षाला शंभर घनमीटरही नूतनीकरणीय पाणी उपलब्ध नाही, आणि तीव्र टंचाईची रेषा पाचशेवर धरली जाते. मफ्रकच्या लोकांना आपल्या दारावरून जाणारे टँकर दिसत होते आणि घरभाडी दुप्पट झालेली दिसत होती. त्यांची चिडचिड समजण्यासारखी आहे. निर्वासितांना मदत करताना यजमान गावाला तहानलेलं ठेवलं तर छावणीभोवती शत्रू उभे राहतात, हे मदत संस्थांना उशिरा उमगलं.

युनिसेफने छावणीतच विहिरी खोदल्या, आधी दोन, मग तिसरी. त्यामुळे बाहेरून पाणी आणणं संपलं, पण आतले टँकर चालूच राहिले. त्यानंतर घरोघर जाणाऱ्या नळवाहिन्यांचं काम हाती घेतलं. 'तात्पुरत्या' छावणीत जमिनीखाली पाइप टाकायचे म्हणजे ही माणसं इथेच राहणार असं कबूल करण्यासारखं होतं, म्हणून जॉर्डन सरकारला ते सहज पचणारं नव्हतं. सरकारला राजकीय भीती होती. १९४८ आणि १९६७ मध्ये आलेल्या पॅलेस्टिनींच्या 'तात्पुरत्या' छावण्या जॉर्डनमध्ये आजही उभ्या आहेत. शेवटी वर्षानुवर्षांच्या टँकरभाड्याचं गणित जिंकलं. २०१९ पर्यंत वाहिन्यांचं जाळं पूर्ण झालं आणि प्रत्येक घराला ठरलेल्या पाळीने सारखं पाणी मिळू लागलं. माणशी लिटर फारसे वाढले नाहीत. वाटणी बदलली, आणि रांगेत जाणारा बायका-पोरांचा वेळ वाचला.

कॅराव्हॅनचा बाजार

तंबूंच्या जागी हळूहळू पत्र्याच्या एका खोलीची तयार घरं आली. छावणीत त्यांना कॅराव्हॅन म्हणतात. त्यातली बरीच आखाती देशांच्या देणग्यांतून मिळाली. पुढे ही संख्या चोवीस हजारांच्या वर गेली. ती आखलेल्या ओळीत, ठरलेल्या अंतरावर ठेवली होती, आगीचा बंब जाईल अशा बेताने.

हौरानी घर मात्र अंगणाभोवती असतं. दोन भाऊ, त्यांचे आईवडील, एखादी बहीण, अशा तीन कॅराव्हॅन वेगवेगळ्या ओळींत पडल्या होत्या. लोकांनी कुंपणाचे लोखंडी खांब वेल्ड करून गाडे बनवले, त्यांना चाकं लावली आणि वीस-पंचवीस जणांनी मिळून आख्खी खोली ढकलत गल्लीतून न्यायला सुरुवात केली. तीन खोल्या काटकोनात लावल्या की मधे अंगण तयार. त्यावर जुन्या तंबूचं कापड ताणलं की सावली. काही अंगणांत सिमेंटचं छोटं कारंजंही आलं, दमास्कसच्या जुन्या घरांत असतं तसं. पाण्याची एवढी ओरड असताना कारंजं? पाहुण्या पत्रकारांना ते विसंगत वाटलं. पण त्यात तेच पाणी फिरत राहतं, आणि घर हरवलेल्या माणसाने घराची कोणती खूण आधी उभी करावी हे आपण कोण ठरवणार?

कॅराव्हॅन विकल्याही गेल्या. परत जाणारं किंवा शहरात निसटणारं कुटुंब आपली खोली शेजाऱ्याला विकून टाकायचं. नियमाने ती यूएनएचसीआरची मालमत्ता. याला काळाबाजार म्हणायचं की घराची खरेदी-विक्री, हा दृष्टीचा प्रश्न आहे. दलाल आणि गल्लीचे दादा यातून मोठे झाले हेही खरं. नव्याने आलेल्या, कुणी ओळखीचं नसलेल्या कुटुंबाला तंबूत दिवस काढावे लागले आणि शेजारी एकाकडे चार खोल्या, असं चित्र होतं. लोकांची स्वयंप्रेरणा म्हणून सगळ्याचं कौतुक करणाऱ्यांनी हा भाग वगळू नये.

मार्च २०१३ मध्ये छावणीचा व्यवस्थापक म्हणून किलियन क्लाइनश्मिट हा जर्मन अधिकारी आला. सोमालिया, केनिया, पाकिस्तान असा त्याचा अनुभव. तो या गल्लीच्या दादांकडे चहाला जाऊन बसायचा, म्हणून टीकाही झाली. त्याचा हिशेब सरळ होता. हे लोक निवडून आलेले नसले तरी गल्ली त्यांचं ऐकते, आणि नियम पाळणारी माणसं हवी असतील तर आधी बोलणारी माणसं हवीत. छावणी बारा विभागांत वाटून प्रत्येक विभागात स्थानिक कचेरी, स्थानिक पोलीस, तक्रारीची जागा, अशी रचना उभी राहिली. ॲम्स्टरडॅम शहराने नगररचनेत मदत केली आणि २०१४ मध्ये सुमारे पाचशे जुन्या सायकली पाठवल्या. निर्वासितांना आत मोटारी चालवायची परवानगी नव्हती, त्यामुळे सायकल लागलीच वाहन झाली आणि पाठोपाठ पंक्चर काढणाऱ्यांची दुकानंही आली.

दुकानांचं तर विचारूच नका. दवाखान्याशेजारच्या मुख्य रस्त्यावर पहिल्या काही महिन्यांतच टपऱ्या लागल्या: फलाफल, भाज्या, मोबाइलचं सिम, लग्नाचे पोशाख भाड्याने, पाखरं, न्हावी. पॅरिसच्या शाँझेलिझे या रस्त्याच्या नावात 'शाम' हे दमास्कसचं अरबी नाव मिसळून लोक त्याला 'शाम-एलिझे' म्हणू लागले. भर काळात दुकानांची संख्या तीन हजारांच्या घरात होती. कुणी परवाना दिला नव्हता, कुणी कर्ज दिलं नव्हतं.

आकडे ते सौर पॅनेल

विजेचीही तीच कथा. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी आलेली लाइन लोकांनी घरात घेतली. छावणीत इलेक्ट्रिशियन होते, वायर बाजारात होती. ट्रान्सफॉर्मर जळू लागले, पत्र्याच्या घरांत शॉर्टसर्किट होऊन आगी लागल्या, आणि बिल यूएनएचसीआरकडे. ते महिन्याला पाच लाख डॉलर आणि त्याहूनही वर गेलं. या पैशात किती कुटुंबांना रोख मदत देता आली असती, याचा हिशेब त्या संस्थेलाही कळत होता. लाइन तोडली की अंधार, अंधार झाला की बायका-मुलींची असुरक्षितता, दुकानं बंद, आणि पुन्हा आकडे.

तोडगा निघाला तो पुरवठा अधिकृत करून. आधी जोडण्या सुरक्षित केल्या, घरोघरचा भार आणि तास ठरवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये जर्मनीच्या पैशातून १२.९ मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प सुरू झाला, सुमारे चाळीस हजार पॅनेलचा. घरातली वीज दिवसाला आठ तासांवरून बारा-चौदा तासांवर गेली आणि बिलात वर्षाला अंदाजे ५५ लाख डॉलरची बचत झाली. वाळवंटात ऊन फुकट आहे हे २०१२ मध्येही सगळ्यांना माहीत होतं. पाच वर्षं टिकेल अशा गोष्टीवर पैसे खर्च करायला मात्र देणगीदार पाच वर्षांनी तयार झाले, कारण त्यांचे निधी सहसा वर्षाच्या मुदतीचे असतात.

शिजवलेल्या जेवणापासून डोळ्यांच्या बुबुळापर्यंत

अन्नाच्या मदतीचे इथे इतके टप्पे झाले की एकाच ठिकाणी सगळी पाठ्यपुस्तकं सापडावीत. सुरुवातीला शिजवलेलं गरम जेवण. मग कोरडा शिधा: तांदूळ, दलिया, डाळ, तेल, साखर. सोबत रोज रोट्या, २०१३ मध्ये दिवसाला पाच लाख. शिळ्या रोट्या उन्हात वाळवून जनावरांच्या खाण्यासाठी विकल्या जायच्या, डाळीची पोती बाजारात जायची, कारण तीच ती डाळ खाऊन कंटाळलेल्या आईला टोमॅटो, लहानग्याचे डायपर आणि चपला हव्या होत्या. मग कागदी कुपनं आली. तीही कमी भावाने रोखीत बदलली जायची. मग इलेक्ट्रॉनिक कार्ड, आणि २०१६ च्या ऑक्टोबरपासून बुबुळाचं स्कॅन. छावणीतल्या सुपरमार्केटमध्ये सामान काउंटरवर ठेवायचं, यंत्राकडे डोळा करायचा, खात्यातून पैसे वळते होतात. २०१७ मध्ये जॉर्डनमधल्याच दुसऱ्या, अझ्रक इथल्या छावणीत याला ब्लॉकचेनवर चालणारी, म्हणजे नोंदी मागाहून सहज बदलता न येणारी डिजिटल खातेवहीही जोडली गेली, पुढे झातारीतही.

कार्ड हरवत नाही, चोरी होत नाही, बँकेचं हस्तांतर शुल्क वाचतं, हे फायदे खरे आहेत. माणशी महिन्याला ठरावीक दीनार मिळाले की दोन दुकानांत भाव विचारता येतो, आणि भाव विचारता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण ज्या माणसाला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या बुबुळाची नोंद घेताना 'संमती' हा शब्द फार हलका होतो. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरलेल्या म्हाताऱ्यांची आठवण असलेल्या आपल्या वाचकाला या बाबतीत अधिक समजावायला नको. शिवाय पैसे ठरावीक दुकानांतच खर्च करायचे असल्याने 'शाम-एलिझे'वरच्या भाजीवाल्याला त्यातलं थेट काही मिळत नव्हतं. लोकांनी उभारलेला बाजार एकीकडे आणि मदतीचा पैसा दुसरीकडे, ही गाठ नीट सुटली नाही.

अझ्रक: शिस्तीची छावणी

झातारीतून काय शिकायचं नाही, याचा नमुना एप्रिल २०१४ च्या अखेरीस उघडला. अम्मानच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, गावापासून दूर, खऱ्या वाळवंटात अझ्रकची छावणी उभारली ती एक लाखाहून अधिक लोकांसाठी, आधीपासून पूर्ण आखणी करून. वादळात न उडणारी, जमिनीत रोवलेली, न हलणारी पत्र्याची २४ चौरस मीटरची घरं, सरळ ओळींत. 'गावं' म्हणजे विभाग एकमेकांपासून लांब. बाजार नाही, एक सुपरमार्केट. वीज नाही, सौर कंदील. इथे कुणी खोली ढकलून अंगण करू शकत नव्हतं, आकडा टाकायला लाइनच नव्हती. सगळं सुरक्षित आणि सगळं सामसूम. कुटुंबं तिथून निसटून झातारीला किंवा शहरांत जात राहिली. ती कधी पूर्ण भरली नाही. निर्वासितांची दुकानं चालायला दोन वर्षं गेली, वीज २०१७ मध्ये आली.

अझ्रकच्या याच माळाशी आपलाही एक जुना संबंध आहे. १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावल्यावर पळालेल्यांसाठी इथे तळ पडले होते. कुवेतमधले भारतीयही, गोवेकर आणि मुंबईकर त्यांत बरेच, इराकमार्गे जॉर्डनच्या वाळवंटातल्या अशाच तंबूंत पाण्याच्या रांगा धरून राहिले आणि एअर इंडियाने अम्मानहून लाखावर माणसं मायदेशी आणली. त्यांच्यात आणि सीरियनांत फरक एवढाच, की त्यांना न्यायला विमान आलं.

जून २०१६ मध्ये सरहद्दीवरच्या रुकबान इथे मोटारबॉम्बचा हल्ला झाला, त्यात जॉर्डनचे सैनिक मेले आणि जॉर्डनने सरहद्द बंद केली. हजारो कुटुंबं दोन देशांमधल्या पट्ट्यात अडकली. जी थोडी आत घेतली गेली ती अझ्रकच्या कुंपण घातलेल्या पाचव्या विभागात, बाहेर पडायची मुभा न देता. तिथे मदत पोचत होती. स्वातंत्र्य नव्हतं.

काम

शाळा, दवाखाने यांची व्यवस्था झातारीत तुलनेने चांगली लागली. शाळा दोन पाळ्यांत, मुली सकाळी, मुलगे दुपारी. छावणीत वीस हजारांहून अधिक बाळं जन्मली. त्यातली मोठी आता शाळेत आहेत आणि दरा त्यांनी पाहिलेलं नाही.

कामाचं मात्र कठीण. संस्थांकडे सफाई, शिकवणी, दुरुस्ती यांची कामं मिळायची ती तासाला साधारण एक दीनार दराने आणि पाळीपाळीने, म्हणजे तुमचा नंबर संपला की दुसऱ्याचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत जॉर्डनने दोन लाख सीरियनांना कामाची संधी देण्याचं मान्य केलं, बदल्यात स्वस्त कर्ज आणि युरोपीय बाजारात निर्यातीची सवलत. ऑगस्ट २०१७ मध्ये झातारीत रोजगार कार्यालय उघडलं. परवाने निघाले ते मुख्यतः शेती आणि बांधकामात. बायकांच्या वाट्याला त्यातले अगदी थोडे आले, कारण कारखाना लांब, बसचा खर्च, आणि घरी मुलं कोण बघणार हा प्रश्न करारात कुणी लिहिलाच नव्हता. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांचे जे व्यवसाय परदेशी माणसांना बंद होते, ते बंदच राहिले. हा करार मला अपयश वाटत नाही. पण उद्योगांच्या गरजेचं माप घेऊन शिवलेला सदरा माणसांना घालायला दिला, एवढं म्हणावं लागेल.

निधी आटतो तेव्हा

इतकं सगळं जमवूनही दोरी दुसऱ्याच्या हातात राहते. डिसेंबर २०१४ मध्ये पैसे नाहीत म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने शेजारी देशांतल्या सतरा लाख सीरियनांची कुपनं थांबवली. लोकांकडून देणग्या मागून ती काही दिवसांत पुन्हा सुरू करावी लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये झातारी आणि अझ्रकमधल्या सुमारे १ लाख १९ हजार लोकांची माणशी मदत महिन्याला २३ दीनारवरून १५ वर आली. दिवसाला अर्धा दीनार. त्यात घर काय करतं? मांस जातं, मग फळं जातात, मग उधारी वाढते, मग मुलगा शाळा सोडून टोमॅटोच्या शेतावर जातो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी लवकर सुरू होतात. कपातीच्या पत्रकात हा क्रम नसतो. कॅराव्हॅनचं आयुष्य सहा ते आठ वर्षांचं धरलेलं होतं. ते केव्हाच उलटून गेलं आहे. पत्रे गळतात, फरशीखालचं प्लायवूड कुजतं, आणि दुरुस्तीचा निधी दरवर्षी मागावा लागतो.

८ डिसेंबर २०२४ ला सीरियातली असद राजवट कोसळली आणि परतीची वाट उघडली. २०२५ च्या मध्यापर्यंत जॉर्डनमधून सुमारे लाखभर नोंदणीकृत निर्वासित परत गेले, त्यातले बहुतेक शहरांत राहणारे. छावणीतली कुटुंबं अधिक सावध आहेत. दरामधलं घर उभं आहे का, सुरुंग काढलेत का, पोरांच्या शाळेचं वर्ष कुठे मोडायचं, इथलं दुकान कितीला जाईल, अशी विचारपूस चालते. अनेकदा आधी एकटा बाप जाऊन घर पाहून येण्याचा विचार होतो, पण गेलेल्याला परत आत यायची खात्री नसते, म्हणून तेही अडतं. मदत संस्थांपुढे यातून एक विचित्र हिशेब उभा राहिला आहे. निम्मी माणसं गेली तरी विहिरी, वाहिन्या, प्रक्रिया केंद्र आणि दवाखाने चालवण्याचा खर्च निम्मा होत नाही, आणि देणगीदार मात्र डोकी मोजून पैसे देतात. सौर प्रकल्पाची वीज जॉर्डनच्या ग्रिडला जोडलेली आहे, त्यामुळे ती वाया जाणार नाही. बाकीच्या जाळ्याचं काय, ते मफ्रकच्या गावांना जोडायचं का, आणि कुणाच्या पैशाने, हे जॉर्डन सरकार आणि देणगीदार यांनी ठरवायचं आहे.